थोरली पाती, धाकटी पाती आणि मधली गावं

मागच्या अंकात या सदरात सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, की सांगलीतून सकाळी सायकल काढली तर दुपारच्या जेवणाच्या आत चार राजांची राज्यं फिरून घरी येता यायचं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं नि मेल आले की या वेळचा सगळा कोटा त्यातच गेला, तेव्हा ज्यांनी हापूसच्या कलमाबद्दल नि पितळी भांड्यांच्या कल्हईबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरा. एक खुलासा आधीच करतो. संस्थानाच्या बाहेरचा इंग्रजांचा मुलूख म्हणजे 'खालसा', असं आमच्याकडं म्हणायचे. माझी आजी शेवटपर्यंत तासगावला निघाली की "खालशात जाऊन येते" म्हणायची, तेव्हा खाली तो शब्द दिसला तर दचकू नका.

कुपवाडहून एक वाचक विचारतात: सर, मी रोज कामाला बुधगाववरून जातो. एवढ्याशा गावात राजवाडा कशाला? सांगलीत राजवाडा आहे, मिरजेत किल्ला आहे, परत पाच-सहा किलोमीटरवर हा तिसरा कोणाचा?

उत्तर: भाऊबंदकीचा, एका शब्दात सांगायचं तर. पण नीट सांगतो, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे.

मुळात हे सगळे पटवर्धन. कोकणातल्या कोतवड्याचे हरभट इचलकरंजीच्या घोरपड्यांकडं उपाध्ये म्हणून आले, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी पोथी सोडून तलवार धरली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी 1764 च्या सुमाराला या घराण्याला सरंजाम दिला, आठ हजार स्वार बाळगायचे नि कोल्हापूरकर, हैदर वगैरे मंडळींना दक्षिणेकडून वर येऊ द्यायचं नाही या बोलीवर. आता सरंजाम म्हणजे सलग जमीन नव्हे हो. अमुक इतक्या रुपयांचा वसूल पायजे, मग तो जिथून भरेल तिथली गावं. चार इथली, दोन तिकडची, एक पार तुंगभद्रेकडची. स्वारांचा पगार भागल्याशी मतलब, नकाशा कोण बघतोय.

जोवर घर एक होतं तोवर हे चाललं. मग वाटण्या सुरू झाल्या. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांचं चुलत्याशी, गंगाधररावांशी, बिनसलं. ते मिरजेच्या किल्ल्यातून बाहेर पडले, घरातला गणपती बरोबर घेतला नि कृष्णेकाठच्या सांगलीत येऊन बसले. सांगली तोवर एक साधं गाव होतं, शहर झालं ते या भांडणामुळं. याच घरातल्या परशुरामभाऊंच्या मुलांत तासगाव नि जमखंडी अशी फाळणी झाली. पेशवाई 1818 ला बुडाली तेव्हा इंग्रजांना हे फारच सोयीचं पडलं, त्यांनी प्रत्येक भावकीशी वेगवेगळे करार केले, म्हणजे घरातल्या भांडणाला सरकारी शिक्का बसला. मग 1820 मध्ये मिरजेचेच चार वाटे झाले. त्यातले दोन 1842 नि 1845 ला वारस नाही म्हणून इंग्रजांनी गिळले, राहिले दोन. मोठा तो मिरज थोरली पाती, गादी मिरजेत. धाकटी पाती, जिला जुन्या कागदात मिरज मळा असंही म्हणतात, ती बुधगावला जाऊन बसली. तुमचा राजवाडा तो हा.

कुरुंदवाडचं तर याहून भारी. आधी शेडबाळची शाखा वेगळी झाली, ती 1857 ला खालसा झाली, त्याआधी 1854 ला कुरुंदवाडचे परत दोन झाले, थोरली पाती नि धाकटी पाती. नदीपलीकडं नरसोबाच्या वाडीला दत्ताचे पेढे घ्यायला जाणारी माणसं ज्या चिमुकल्या गावातून जातात, तिथं दोन-दोन राजे! दोघांचे दरबार, दोघांचे कारभारी नि दोघांचे मानपान.

तर मुद्दा असा की आपण सीमारेषा म्हटलं की डोंगर, नदी, भाषा असलं काहीतरी डोळ्यासमोर आणतो. इथली रेषा आडनावातून आली. घरातली पातेली वाटून घेतात ना, एक मोठं तुला, दोन बारकी मला, आणि ती फुटकी घागर कोणालाच नको म्हणून अंगणात, तशी गावं वाटली. गावाला कोण विचारतंय.

सांगली विश्रामबागहून कॉलेजमधली एक वाचक: काका, सांगलीत स्टेशन चौक आहे पण तिथं स्टेशनच नाही! रिक्षावाल्याला "स्टेशन" म्हटलं तर तो विचारतो "चौक का खरं स्टेशन?" हे काय प्रकरण आहे?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण माझी स्वतःची यात फजिती झालीय, पुण्याहून आलेल्या पाव्हण्यांना आणायला मी चौकात उभा नि ते विश्रामबागेत.

झालं असं. पुण्याहून खाली येणारी मीटरगेज मेन लाइन 1890 च्या आसपास मिरजेवरून गेली, सांगली शहर राहिलं बाजूला. ही लाइन बुधगाव-माधवनगरच्या अंगानं मिरजेत शिरायची. म्हणजे बघा, बुधगावचं चिमुकलं संस्थान मेन लाइनवर, मिरज जंक्शन, कोल्हापूरच्या दरबारानं तर 1891 लाच स्वतःच्या खर्चानं मिरजेपर्यंत रूळ आणलेले, आणि सांगलीचा राजा एवढा मोठा तर त्याच्या गावाला गाडी नाही. मग सांगली संस्थाननं 1907 मध्ये मिरज-सांगली असा स्वतःचा फाटा टाकला, जेमतेम आठ किलोमीटरचा. त्या फाट्याचं स्टेशन जिथं होतं तो तुमचा स्टेशन चौक. पुढं 1970 च्या आसपास ब्रॉडगेज आली तेव्हा सांगलीला मेन लाइनवर घेतलं, विश्रामबागेच्या बाजूला नवं स्टेशन झालं, फाटा उखडला. रूळ गेले नि नाव राहिलं.

आता यातली खरी गंमत रेल्वेपेक्षा बाजारात आहे. सांगलीची पेठ हळदीनं नि गुळानं मोठी झाली. ती बघून बुधगावकरांनी रेल्वेच्या कडेला आपली पेठ वसवली, त्यांच्या माधवरावांच्या नावाचं माधवनगर, तिथं पुढं कापडगिरणी पण आली. कोल्हापूरचे शाहू महाराज काय गप्प बसणार? त्यांनी 1917 ला कोल्हापूर-मिरज लाइनीवर, सांगलीच्या अगदी नाकासमोर, वडलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. आखून वसवलेलं गाव, सरळ रस्ते, गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर, पत्ता लिहिताना आजही "सातवी गल्ली, अकरावी गल्ली" असंच लिहितात. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा माल सांगलीच्या अडत्याकडं कशाला जावा, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या टापूत सांगली, मिरज, माधवनगर, जयसिंगपूर अशा चार पेठा, चार राजांच्या. एकाच राजाचा मुलूख असता तर एक पेठ झाली असती नि बाकीच्या ठिकाणी आज ऊस असता. सांगली, मिरज नि कुपवाडची मिळून एक महापालिका 1998 ला झाली खरी, पण मिरजकराला "सांगलीचे का तुम्ही?" असं विचारून बघा एकदा. लांब उभं राहून विचारा.

बेळगावहून एक वाचक: आमचं घर शहापुरात. आजोबा बेळगावात जाताना "इंग्रजीत जाऊन येतो" म्हणायचे. आम्ही हसायचो, कारण चालत पंधरा मिनिटं पण नाहीत. शहापूर वेगळं राज्य होतं का?

उत्तर: होतं. तुमचे आजोबा सांगली संस्थानचे रयत होते, चालत निघाले की खरंच दुसऱ्या राज्यात जायचे. बेळगावात 1818 नंतर इंग्रजांची छावणी, कॅम्प, कलेक्टर. शहापूर मात्र चिंतामणराव पटवर्धनांच्या वाट्याला आलेलं व्यापारी गाव, विणकरांचं, सोनारांचं. शहापुरी साडी जुन्या बायकांना अजून आठवते. छावणीत गिऱ्हाईक नि शहापुरात दुकान, दोघांचं बरं चाललं. आज दोन्हीकडं खडेबाजार आहे, बेळगावचा वेगळा नि शहापूरचा वेगळा, आणि मी एकदा लग्नाची पत्रिका घेऊन पाऊण तास चुकीच्या खडेबाजारात एका पाटलांचं घर शोधत फिरलोय. एका दुकानदारानं शेवटी दया येऊन विचारलं, "कुठला खडेबाजार हवाय तुम्हाला, आमचा का सांगलीकरांचा?" संस्थान जाऊन तेव्हा पन्नासच्या वर वर्षं झाली होती बरं का.

सांगलीचा हा एकच तुकडा लांब होता असं नाही. मंगळवेढा सांगलीचं. म्हणजे दामाजीपंतांचं गाव नि ती प्रसिद्ध ज्वारी पटवर्धनांच्या राज्यात, आणि शेजारच्या पंढरपुरातला विठोबा इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, वारकरी मंगळवेढ्याहून निघाला की वाटेत राज्य बदलायचा. तेरदाळ सांगलीचं, ते आता बागलकोट जिल्ह्यात. शिरहट्टी सांगलीचं, ते आता गदगमध्ये. कानडी मुलखातल्या माणसाचा तंटा मिटायला सांगलीपर्यंत यायचा.

कुंडलहून एक वाचक: आमच्या गावाला औंध संस्थानातलं म्हणतात. औंध तर पार खटाव तालुक्यात. आम्ही तिथं कसे गेलो? आणि किर्लोस्करवाडी पण औंधचीच का?

उत्तर: हो, तुमच्याकडची किर्लोस्करवाडी औंधच्याच जमिनीवर. बेळगावातून जागा सोडायची वेळ आल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, निवडुंग नि सापांचं. 1910 ला कारखाना तिथं उभा राहिला. इंग्रज कलेक्टरकडं अर्ज केला असता तर कागद किती टेबलं फिरला असता देव जाणे, राजाच्या मनात आलं नि काम झालं. लहान संस्थानाचा हा फायदा, आणि राजा वाईट निघाला तर हाच तोटा.

औंध पटवर्धनांचं नव्हे, ते सातारच्या छत्रपतींच्या प्रतिनिधींचं, त्यामुळं त्यांची गावं सातारा, सांगली, विजापूर अशी कुठं कुठं पसरलेली. एकूण गावं फक्त 72, पण औंध इकडं, आटपाडी तिकडं, तुमचं कुंडल खाली कृष्णेच्या खोऱ्यात नि गुणदाळ पार विजापुराकडं. मध्ये सगळा खालसा. राजानं आपल्याच राज्याची फेरी काढायची तर अर्ध्या वाटेत तो परमुलखात.

आणि या फाटक्या गोधडीत जे झालं ते मोठमोठ्या संस्थानांना जमलं नाही. 1939 च्या जानेवारीत औंधच्या राजानं सत्ता प्रजेच्या हातात दिली. घटना तयार झाली, गांधीजींचा सल्ला घेऊन, आणि त्यात मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या एका इंजिनिअरचा मोठा हात होता, त्याला लोक भारतानंद म्हणायचे. ग्रामपंचायती पायाला नि त्यावर बाकीचा कारभार. याच फ्रीडमन मंडळींच्या डोक्यातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत निघाली, जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय ठेवायचे, शेती करायला लावायची. व्ही. शांताराम यांचा 'दो आंखें बारह हाथ' त्याच प्रयोगावर बेतलेला आहे. तुम्ही कधी आटपाडीला गेलात तर जाऊन या, डाळिंबं पण चांगली मिळतात.

राहता राहिलं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं लोकांचं समांतर सरकार. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं नि जी. डी. बापू लाडांचं जे काम चाललं त्यात कुंडलला एवढं महत्त्व का, याचं एक उत्तर माणसांत आहे नि एक नकाशात. आजूबाजूचा सातारा जिल्हा इंग्रजांचा, मधलं कुंडल औंधचं. साताऱ्याच्या पोलिसाला औंधच्या हद्दीत सरळ हात घालता येत नसे, मध्ये संस्थान, कागद, पोलिटिकल एजंट म्हणजे संस्थानांवरचा इंग्रज अधिकारी. आणि औंधच्या सरकारला पकडून देण्याची फारशी घाई नव्हती. भूमिगत माणसाला एक बांध ओलांडला की श्वास घेता येत होता. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी वसुलाच्या हिशेबानं ठेवलेलं गाव असं कामाला आलं.

हरिपूरहून एक वाचक: सांगली नाव 'सहा गल्ल्या' वरून पडलं हे खरं का?

उत्तर: ऐकायला छान आहे, मलाही लहानपणी शाळेत हेच सांगितलेलं. पण सहा गल्ल्यांची गावं महाराष्ट्रात शेकड्यांनी असतील, त्यांची नावं सांगली नाहीत. आणि हरिपूरकरांनी हा प्रश्न विचारावा? तुमच्या दारात कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. मला तरी गल्ल्यांपेक्षा नदी जास्त पटते.

इस्लामपूरहून एक वाचक: वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा' आहे. एका ऑफिसात क्लार्क म्हणाला असा जिल्हाच नाही, दाखला बोगस. तीन हेलपाटे झाले. काय करू?

उत्तर: त्याला म्हणावं बाबा जरा वाच. सांगली, मिरज, बुधगाव, औंध, जत, जमखंडी वगैरे दक्षिणेतली संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर जरा अडून बसलं ते 1 मार्च 1949 ला. मग ही सगळी तुकडी नि साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके, त्यात तुमचा वाळवा, यांची मोट बांधून 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा केला. 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे अकरा वर्षं हा जिल्हा खराखुरा होता, कलेक्टरसकट. सांगलीच्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये हे छापलेलं आहे, त्या पानाची झेरॉक्स जोडा नि लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका. लेखी "बोगस" लिहून द्यायला कोणी तयार होत नाही.

जतहून एक वाचक: आम्ही पण पटवर्धनांचे का? आणि आमचा तालुका दर दोन-चार वर्षांनी कर्नाटकात जायचं म्हणतो, त्याचा संस्थानाशी संबंध आहे का?

उत्तर: नाही, तुम्ही डफळ्यांचे. आदिलशाहीपासूनचं घराणं, डफळापूरवरून आडनाव. पुढं सातारच्या छत्रपतींचे जहागीरदार, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्या रांगेतले. दुसऱ्याचं उत्तर: संबंध थोडा, पाण्याचा जास्त. सीमावादावरच्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूर वगैरे 264 गावं महाराष्ट्राला नि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातली 247 गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही, बाकी सगळं कोर्टात. पण पूर्व जतच्या माणसाला आयोगाचं काही पडलेलं नाही, त्याला टँकर कधी येतो हे पडलेलं आहे. पलीकडं हद्दीला लागून कर्नाटकचा कालवा दिसतो नि अलीकडं विहीर कोरडी, मग ठराव होणारच. ठराव पाण्यासाठी असतो नि टीव्हीवर चर्चा अस्मितेची होते, हे माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या. आणि एक, तुमच्या नावाचं 'जत रोड' स्टेशन जतपासून एवढं लांब का, तर ती मिरजेहून पंढरपूरकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची लाइन, 1927 ला मिरजेत पोचलेली, तिला जतपर्यंत यायचंच नव्हतं. जत कुठं नि जत रोड कुठं. त्या काळी 'रोड' लावलेलं कुठलंही स्टेशन दिसलं की समजायचं, पुढं बैलगाडी आहे.

पुण्याहून गाणं शिकणारी एक वाचक: दादा, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी, कुंदगोळ, सगळी गाण्यातली नावं याच पट्ट्यातली कशी काय? पाण्यात काही आहे का?

उत्तर: पाण्यात नाही, पगारात आहे. इतके राजे म्हणजे इतके दरबार, आणि प्रत्येक दरबाराला गवई पायजे. शेजारच्या भावकीकडं गवई आहे नि आपल्याकडं नाही हे कसं चालेल? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत नि इचलकरंजीत राहिले. विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, 1872 चा जन्म, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचाराला मिरजेत आणलं, तिथल्या सरकारांनी खर्चाची सोय लावून बाळकृष्णबुवांच्या हाती सोपवलं. डोळे परत आले नाहीत, पण गाणं आलं. आता विचार करा, कुरुंदवाडचा पोरगा मिरजेत म्हणजे परराज्यात शिकत होता, पण ते परराज्य एसटीच्या एका तिकिटाएवढ्या अंतरावर होतं, आणि तिथला राजा घरातलाच. एका दरबारात नाही जमलं तर दुसरा दरबार बैलगाडीच्या टप्प्यात. अब्दुल करीम खाँसाहेब शेवटी मिरजेतच राहिले, ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला आजही गवई तिथं येऊन गातात. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ जमखंडी संस्थानातलं, हुबळीच्या दाराशी, जमखंडीपासून मैलोन्‌मैल लांब. हेही वाटणीचंच देणं. सांगलीच्या चिंतामणरावांनी 1843 ला विष्णुदास भाव्यांकडून 'सीता स्वयंवर' करून घेतलं ते तर सगळ्यांना पाठ आहे.

सतारी मिरजेतच का होतात तेही यातलंच. हत्यारं करणारे शिकलगार होते, लढाया संपल्या, हात रिकामे झाले, गवई दाराशी होते, तंबोरे दुरुस्तीला येऊ लागले. मी एकदा सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरासमोर दोन तास बसलो होतो. भोपळा वाळवून ठेवलेला, तो बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकत होता, एक बाजूला सारला, दुसरा घेतला, मग तिसरा. मी विचारलं काय ऐकताय, तर म्हणाला, "हा पंढरपूरकडचा आहे का बघतोय." भोपळे तिकडच्या शेतातून येतात. साल जाड निघाली तर आवाज दबतो.

आणि हो, नुसतं कौतुक नको. राजा बदलला की नियम बदलायचे, ते सगळेच काही गाण्याइतके गोड नव्हते. शाहू महाराजांनी 1902 ला कोल्हापुरात मागासलेल्या जातींना नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि फुकट केलं. शिरोळकडच्या पोराला हे मिळत होतं, नि नदीच्या अलीकडं पटवर्धनी गावात राहणाऱ्या त्याच्या मावसभावाला नाही. दोघं एकाच जत्रेत भेटायचे. एकाला शाळा का नि दुसऱ्याला का नाही, याचं उत्तर कोणाच्या तरी पणजोबांच्या भांडणात.

मेलबर्नहून एक वाचक: आजीच्या ट्रंकेत एक कागद सापडला, मोडीत आहे, वर फक्त देवनागरीत 'लक्ष्मेश्वर, इलाखा मिरज' एवढंच वाचता येतं. गूगल मॅपवर मिरजजवळ लक्ष्मेश्वर नाही. जमिनीचा कागद असेल का? कुठं चौकशी करावी?

उत्तर: मिरजेजवळ शोधू नका, सापडणार नाही. लक्ष्मेश्वर बेळगाव, धारवाड, हुबळी ओलांडून पुढं आहे, आज कर्नाटकात, गदग जिल्ह्यात. ते मिरज थोरल्या पातीचं, तसंच सोलापूरकडचं मोडनिंब. म्हणजे एका राजाचे तीन तुकडे, मिरज मध्ये नि बाकी दोन दोन दिशांना, कारकुनाची बदली झाली की बिचारा बायकापोरं घेऊन आठवडाभर गाडीवाटेनं. तुमच्या आजीचे वडील किंवा सासरे असेच बदलीवर गेलेले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, जमीन असेलच असं नाही. बऱ्याच मराठी कारकुनी घराण्यांचे असे कागद निघतात.

फोटो पाठवलाय त्यावरून सांगतो. कागदाच्या डोक्यावर जो छापील शिक्का दिसतोय तो संस्थानचा स्टँप, तेव्हा प्रत्येक संस्थानचा स्टँप पेपर वेगळा असायचा, आता ते जमवणारे लोक आहेत नि ते दोन-तीनशे रुपये द्यायला येतील, देऊ नका. घडीच्या रेघेवर फाटलाय, तिथं सेलोटेप लावलेली दिसतेय, ती ओढून काढू नका, कागद सोबत येईल. सपाट ठेवा, बटर पेपरमध्ये.

चौकशीचं असं की, आधी मोडी वाचून घ्या, मग धावपळ. त्यात सर्व्हे नंबर असला तर तो घेऊन लक्ष्मेश्वर तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, तिथं पुढचा व्यवहार कानडीत होईल तेव्हा बरोबर कोणीतरी घ्या. ते गाव 1948 पर्यंत संस्थानात, मग मुंबई प्रांतातल्या धारवाड जिल्ह्यात, 1956 ला म्हैसूरमध्ये, 1997 ला गदग वेगळा झाला तेव्हा तिकडं, म्हणजे गाव जागचं हललं नाही नि दप्तर तीन वेळा हललं, हे ध्यानात ठेवून प्रत्येक ठिकाणी जुन्या जिल्ह्याचं नाव सांगा. कर्ज किंवा नेमणुकीचा कागद निघाला तर तो घरात फ्रेम करून लावा, छान दिसतो.

मोडी वाचणारे पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत मिळतात, क्लास घेणारे पण खूप झालेत. पानामागं किती घेणार ते आधी ठरवून घ्या, आणि त्यांना आधी फक्त पहिल्या चार ओळी पाठवा.